कोकण किनाऱ्यावरच्या सीमा फोटोत दिसतात का?

पुळणवाट (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला विषय इथे मांडतोय. तेरेखोलच्या मुखापासून वर सावित्रीच्या खाडीपर्यंत, आणि जमलं तर खाली कारवारजवळच्या माजाळीपर्यंत, एक फोटोमालिका करतोय. विषय सीमा. कोकण किनारा एकसलग दिसतो, पण त्यावर किती रेषा मारल्या गेल्या आणि पुसल्या गेल्या याची गणती नाही. सावंतवाडीकर, पोर्तुगीज, हबशी (जंजिऱ्याचे सिद्दी), आंग्रे, इंग्रज आणि आता राज्यं, जिल्हे, तालुके.

तेरेखोलचंच बघा. नदीच्या दक्षिणेला गोवा, उत्तरेला महाराष्ट्र, असं सरळ असायला हवं. पण उत्तर तीरावरचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचं गाव गोव्यात. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांनी तो १७४६ मध्ये घेतला. पुढे १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला. गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडला. आज रेडीहून चालत निघालं की तोच जांभा, तेच काजू, तोच वारा, आणि मध्येच राज्य बदलतं.

प्रश्न असा आहे: पाटी, झेंडा, चेकपोस्ट यातलं काहीही न दाखवता, निव्वळ निसर्गचित्रात ही सीमा दाखवता येते का? आणि येत नसेल, तर "ही माझी जागा" ही भावना तरी येते का? मला वाटतं येते, पण कशी ते नीट सांगता येत नाही. तुमचे अनुभव, जागा आणि मतभेद, सगळं हवंय.

---

लेन्सवाला

छान विषय. आधी तांत्रिक बोलतो. तेरेखोल समोरच्या तीरावरून, केरीच्या बाजूने घ्यायचा असेल तर हिवाळ्यात जा. सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो, त्यामुळे संध्याकाळचं ऊन किल्ल्याच्या भिंतीवर तिरपं पडतं आणि जांभ्याचा रंग उठतो. मे महिन्यात आकाश धुरकट, सगळं सपाट येतं. वाइड अँगलचा मोह टाळा. नदीचं पात्र अर्धा फोटो खाईल आणि किल्ला काडेपेटीएवढा दिसेल. सत्तर ते दोनशेच्या लेन्सने पलीकडचा तीर जवळ ओढला की मधलं पाणी अरुंद वाटतं. तुमच्या विषयाला तेच हवंय.

---

नुसतीच_वाचक

+१. जागा पकडून बसले.

---

चाकरमानी_परळ

माझो आजो सांगा, बांद्याच्या बाजाराक जाताना पेडण्याची माणसा वांगडाकच असायची. सोयरिकी थंय, शेती हंय. रेषा कोणी मारल्यान ता कोणाक म्हायत नाय. तेरेखोलचो फोटो काढतलास तर फेरीतसून काढ. मधोमध पाण्यात राज्य खयचा ता नावाड्याक इचार.

---

मांडवीपार

@चाकरमानी_परळ, तुमचे आजोबा बरोबर सांगत होते. पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांकडेच होता. पोर्तुगीजांच्या 'नव्या काबिजादी'त, म्हणजे नंतर मिळवलेल्या मुलखात, तो शेवटी-शेवटी आला. म्हणून आमच्याकडे पेडण्याच्या देवळांचे मानपान, दशावतार, बोलण्यातले हेल आजही बांदा-सावंतवाडीशी जुळतात.

पण धागाकर्त्याला एक सांगायचंय, आणि मनापासून सांगतो. "सगळं एकच आहे, रेषा खोटी आहे" हा सूर गोव्यातल्या माणसाला लगेच खटकतो. १६ जानेवारी १९६७ ला आम्ही मतदान केलं होतं. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. लोकांनी दोन पानं निवडली. ती रेषा कोणी वरून मारलेली नव्हती, आमच्या आईबापांनी मतपेटीत टाकलेली होती. माझ्या घरी त्या वेळी भाऊ एका बाजूला आणि बहीण दुसऱ्या बाजूला होती, आणि दोघांचंही गोव्यावरचं प्रेम तेवढंच. तुमच्या फोटोत सीमा 'चुकीची' म्हणून आली तर मी पाहणार नाही. 'इथे माणसांनी काहीतरी ठरवलं' म्हणून आली तर नक्की पाहीन.

---

पुळणवाट

@मांडवीपार, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. मालिकेच्या टिपणात मी "कृत्रिम रेषा" असा शब्द घातला होता. तो काढतो आणि मतदानाचा उल्लेख तेरेखोलच्या फोटोखाली घालतो.

---

बांदेकर_भाचा

पत्रादेवी राहू नये. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथून निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरत होते आणि पोर्तुगीजांनी गोळीबार केला. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे आणि त्याच्या बाजूने महामार्गावरून दिवसभर गाड्या सुसाट जातात. आमच्या घरातले वडीलधारे तिथून जाताना गाडी कोणाचीही असो, पाच मिनिटं थांबायला लावतात. मला तिथला फोटो स्मारकाचा नको वाटतो. रस्त्याच्या बाजूची झाडी आणि उतार घ्या. ज्यांनी तिकडे पाऊल टाकलं त्यांना समोर तेवढंच दिसत होतं.

---

तांबडी_माती

मी आचऱ्याची. फोटोग्राफीतलं मला कळत नाही, पण सीमा म्हटलं की आम्हाला राज्याची आठवत नाही, गावाची शीव आठवते.

आमच्याकडे गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव घरदार बंद करून शिवेपलीकडे जातो. तीन दिवस तीन रात्री. गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी सोबत. चिंदर, वायंगणीतही ही प्रथा आहे. शिवेबाहेर माळावर झापांच्या झोपड्या, चुली, रात्री भजनं, डबलबारी, गप्पा. मुंबईहून चाकरमानी खास त्यासाठी येतात. लहानपणी मला त्या दिवसांत सगळ्यात मोठं आश्चर्य हे वाटायचं की आमचं घर तिथून दिसतंय, माडांच्या शेंड्यांत कौलांची कड ओळखता येतेय, आणि तरी आपण तिथे जायचं नाही. आजी सांगायची, या दिवसांत गाव देवाचा.

एक फोटोवाले एकदा त्या दिवसांत रिकाम्या गावात शिरायला निघाले होते. छान प्रकाश आहे, माणूस नाही, म्हणून. गावकऱ्यांनी शिवेवरच अडवलं, आणि बरोबर केलं. शिवेच्या अलीकडून काढा की फोटो. तिथून आम्ही जे बघतो तेच बघा. जागेवर जीव म्हणजे काय ते तुम्हाला तिथे कळेल, आत जाऊन नाही.

---

सडा_आणि_आभाळ

@तांबडी_माती ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "तिथून आम्ही जे बघतो तेच बघा", मला वाटतं अख्ख्या धाग्याचं उत्तर यातच आहे.

---

लेन्सवाला

सहमत, पण फोटोग्राफरची बाजूही मांडतो. निसर्गचित्रात माणूस नसणं ही जुनी शिस्त आहे. अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्ससारख्यांनी डोंगरदऱ्यांचे असे भव्य फोटो काढले की ते डोंगर देशाच्या अभिमानाचा भाग झाले. किंग्ज कॅनियनला १९४० मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला त्यात त्याच्या फोटोंचाही हात होता. निसर्गाचा फोटो एखादी जागा सगळ्या देशाची करू शकतो. ही ताकद नाकारू नका.

---

गडगा

@लेन्सवाला, ही ताकद आहे म्हणूनच मला भीती वाटते. त्या दऱ्यांत आधीपासून राहणारी आदिवासी माणसं त्या फोटोंत कुठे दिसतात? "सगळ्या देशाची जागा" होताना "तिथल्यांची जागा" पुसली जाते.

आपल्याकडे तेच होतंय. माझं घर राजापूर तालुक्यात. आमचा सडा, म्हणजे कातळाचं माळरान, सातबाऱ्यावर पोटखराबा. कागदावर त्याला किंमत नाही. पण पावसाळ्यात त्याच कातळावर पाणी साठतं, गवत येतं, गुरं चरतात, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलांचे ताटवे येतात, आणि पावसाचं पाणी याच कातळातून झिरपत खालच्या विहिरींना जातं. आता कोणीतरी ड्रोन उडवतो, वरून मैलोन्‌मैल तांबूस-काळा सपाट कातळ, एक माणूस नाही, एक झाड नाही. खाली लिहितो 'अस्पर्शित कोकण'. असा फोटो बघून जमीन घेणारे येतात, प्रकल्पवाले येतात. रिकामी जागा आहे ना, मग घ्या.

म्हणून माझी विनंती: सड्याचा फोटो काढाल तर गडगा येऊ द्या. नुसते जांभ्याचे दगड रचून केलेला, चुना नाही, सिमेंट नाही. आमच्या आगराजवळचा गडगा माझ्या पणजोबांच्या वेळचा. पावसात त्याच्यावर शेवाळ आणि नेचे येतात, उन्हाळ्यात तो करडा पडतो, आणि दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी पडलेले दगड परत चढवतं. जिथे दगड नव्याने चढवले ते रंगाने वेगळे, तांबडे दिसतात. जवळून बघितलं तर एका भिंतीत तीन पिढ्यांचे हात ओळखू येतात. ही सीमाच आहे, आणि तिच्यात माणूस न दाखवता माणूस आहे.

---

पुळणवाट

@गडगा, हे फार नेमकं लिहिलंत. मला जे सांगता येत नव्हतं ते हेच. ज्या जागेची कोणीतरी निगा राखतंय, तिच्यात आपलेपणा दिसतो. मोठी सीमा फोटोत दिसत नाही, पण राखलेली सीमा दिसते.

---

सडा_आणि_आभाळ

राजापूरचा विषय निघालाच आहे तर कातळशिल्पं. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, देवीहसोळ. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्या यादीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या जागांबरोबर सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे आणि गोव्यातलं फणसायमळही आहे. ज्यांनी हत्ती, मासे, माणसं कोरली त्यांच्या वेळी ना महाराष्ट्र होता ना गोवा. तरी त्यांना हा कातळ ओळखीचा होता. कुठे कोरायचं, पाणी कुठे साठतं हे ठाऊक असल्याशिवाय असं काम होत नाही.

फोटोसाठी: भर दुपारी जाल तर काही दिसणार नाही. सकाळी लवकर किंवा सूर्य बुडायच्या तासाभर आधी. तिरप्या उन्हात खाचांत सावली भरते. पहिल्या पावसानंतर खाचांत पाणी राहतं तेव्हा आकृती आभाळाच्या रंगाची होते. खडूने किंवा चुन्याने रेषा भरू नका, हात जोडून सांगतो. काही ठिकाणी लोकांनी ते केलंय. आणि चप्पल काढून जा.

---

उधाण

देवाचे गोठण्याला होकायंत्र घेऊन जा. तिथल्या शिल्पाजवळ सुई भलतीच दिशा दाखवते. कातळातल्या चुंबकीय गुणामुळे. उत्तर कुठली तेच ठरत नाही तिथे सीमा कसली आखता. 🙂

---

हबसाण

मुरुडहून. तुम्ही सगळे दक्षिणेलाच अडकलात. आमच्याकडे जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत होतं. सिद्दींचा जंजिरा, समोर शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग, वर रेवदंड्याला १७४० पर्यंत पोर्तुगीज, त्याच्या वर आंग्र्यांचा कुलाबा. काही कोसांच्या किनाऱ्यावर चार सत्ता. आमच्या घरात आजोबांच्या जुन्या कागदांवर संस्थानाचा शिक्का आहे आणि वडिलांच्या दाखल्यावर कुलाबा जिल्हा. मी जन्मलो तेव्हा तो रायगड जिल्हा झाला होता. घर तेच, आडाची पायरी तीच.

रेवदंड्यासमोरच्या कोर्लईला गेलात का? किल्ल्याखालच्या गावात ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीजमिश्रित बोली घरात बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली. बाजारात मराठी, घरात ती. तिथला मासा वाळवायचा दांडा, होड्या आणि वर किल्ल्याची लांबट डोंगरसोंड, हा फोटो कोणत्या 'राष्ट्राचा' ते सांगा. मी तर म्हणेन कोर्लईचा.

---

नुसतीच_वाचक

कोर्लईच्या वाक्यासाठी लॉगिन केलं. सुंदर.

---

काळीकाठ

कारवारहून नमस्कार. आमच्या बाजूचं कोणी नव्हतं म्हणून लिहिते.

कारवार मुंबई इलाख्यात होतं, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद, महाजन आयोग, न्यायालयातला दावा हे सगळं तुम्हाला माहीत आहे, इथे त्यावर भांडण नको. माझ्या घरात कोंकणी बोलतात, आई मराठी वाचत मोठी झाली, मी कन्नड शाळेत शिकले. तिन्ही माझ्या. मराठी मंडळी येतात तेव्हा "तुम्ही खरं तर आमचेच" म्हणतात. प्रेमाने म्हणतात हे कळतं. पण सदाशिवगडावरून काळी नदीचं मुख बघताना मला कोणाचं तरी होण्याची गरज वाटत नाही. ती नदी माझी आहे, एवढं पुरतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये काळी नदीवरचा जुना पूल रात्रीतून कोसळला. गोव्याकडून येणारा रस्ता त्या पुलावरून. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठावर उभे होतो तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की नदी किती रुंद आहे. सदाशिवगडच्या बाजूला नातेवाईक राहतात, रोजचं येणंजाणं. सीमा माजाळी-पोळेंला आहे असं आम्ही म्हणायचो. ती त्या दिवशी आमच्या अंगणात आल्यासारखी वाटली. त्या नदीचा फोटो काढाल तर पुलाखालच्या पाण्याचा काढा.

सूचना: कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा तळ आहे. त्या दिशेला कॅमेरा रोखू नका, ड्रोनचं तर नावच काढू नका.

---

लेन्सवाला

ड्रोनबद्दल पुढचं. २०२१ च्या नियमांपासून डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग दाखवले आहेत. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याच्या आसपास उडवण्याआधी नकाशा बघणं अगदी गरजेचं. २५० ग्रॅमच्या आतला असला तरी "खेळणं आहे हो" हे कारण चालत नाही.

---

उधाण

मी मालवणचा, घरात मासेमारी. जमिनीवरची सीमा झाली, पाण्यातली कोणी बोलत नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीचं नियमन राज्याकडे, १९८१ चा कायदा आहे. पण परराज्यातले मोठे ट्रॉलर आणि पर्ससीनवाले आत येतात, रात्री एलईडी लावून मासे गोळा करतात, आणि किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्याच्या जाळ्यात काही उरत नाही. तिथे सीमा हा पोटाचा प्रश्न आहे. @मांडवीपार, @काळीकाठ, तुमच्यावर राग नाही, तुमच्याकडचे छोटे मच्छीमारही हेच सांगतात.

आता फोटोचं. आमचे म्हातारे जीपीएस नसताना जागा कशी ओळखायचे? डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आला, दुसरीकडे अमुक माड आणि खडक एका रेषेत आले, की दोन रेषा जिथे छेदतात तिथे जाळं. सगळी किनारपट्टी पाण्यातून पाठ. माझे काका अजून सिंधुदुर्गाच्या तटाचा कोणता बुरूज कोणत्या टेंबासमोर येतो त्यावरून वाट सांगतात.

तेव्हा पुळणवाट, सगळे फोटो जमिनीवरून समुद्राकडे बघून काढू नका. तो पर्यटकाचा फोटो. होडीतून जमिनीकडे बघा. आम्हाला घर त्या बाजूने दिसतं.

---

पुळणवाट

@उधाण, हा विचार माझ्या मनात आलाच नसता. आभार. होडीची सोय होईल का? व्यक्तिगत निरोप करतो.

---

उधाण

१ ऑगस्टनंतर कधीही. जून-जुलै बंदी. ट्रायपॉड आणू नका, होडीत त्याचा उपयोग शून्य.

---

सोनचाफा

जरा वेगळा मुद्दा. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या गच्चीवरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी पकडून इथे आणून ठेवलं. १९१० मध्ये राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. समाधीही रत्नागिरीत. त्याच्या मुलुखाला तो परत गेला नाही.

आम्ही रत्नागिरीकर त्या जागेला सूर्यास्त बघायला जातो, भेळ खातो, आणि 'काय सुंदर आपलं कोकण' म्हणतो. त्याच ठिकाणाहून तो माणूस अनेक वर्षं पश्चिमेकडे बघत बसला, आणि त्याचा देश पाठीमागे, पूर्वेला. जागा सुंदर असणं आणि ती आपली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथे कळतं. पुळणवाट, मालिकेत तिथला एक फोटो घ्या. परक्या माणसाच्या डोळ्यांनी आपला समुद्र.

---

तांबडी_माती

हे वाचून पोटात कालवलं. आता राजवाड्याला जाईन तर पूर्वेकडे बघेन.

---

बांदेकर_भाचा

अवांतर करतो, क्षमस्व. सीमेचा सगळ्यात चविष्ट प्रश्न: हापूस. २०१८ च्या भौगोलिक मानांकनात पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे. माझ्या मावशीची बाग नदीपलीकडे पेडण्यात. कलमं देवगडहून आणलेली. झाड एकच, फळाला नाव वेगळं.

---

मांडवीपार

आमच्याकडे मानकुराद असताना हापूसच्या नावाची काळजी कोणाला? 😄

---

चाकरमानी_परळ

झाला, आता खरो सीमावाद सुरू झालो.

---

बांदेकर_भाचा

मानकुराद मानतो. मावशी पण दोन्ही लावते.

---

गडगा

विषयाकडे परत. @पुळणवाट, जिल्ह्यांच्या सीमांवर काही काढलंत का? सावित्रीच्या मुखाशी बाणकोट आणि हरिहरेश्वर समोरासमोर. बाणकोट अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांकडे आलं, पलीकडे सिद्दींचं हबसाण. श्रीवर्धनचे भट सिद्दीच्या जाचाने गाव सोडून गेले, त्यांच्यातला बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवा झाला. आज तिथे बागमांडला-वेसवी जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, चालते. दुचाक्या, आंब्याच्या पेट्या, लग्नाचं वऱ्हाड, सगळं एकाच फेरीत. सीमा म्हणून एवढी माणसाळलेली दुसरी मला माहीत नाही. तिकीट काढून नुसते दोन-तीनदा अल्याड-पल्याड करा. पाण्याच्या मधोमध दोन्ही तीर सारख्याच अंतरावर दिसतात तिथून दोन फोटो घ्या, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. शेजारी-शेजारी लावा, खाली नाव लिहू नका. बघणाऱ्याला कोणता कुठला ते ओळखता येतं का बघा.

---

हबसाण

आम्हाला ओळखता येईल. हरिहरेश्वरची काळी टोकं लांबूनही चुकत नाहीत.

---

गडगा

म्हणजे झालं ना. परक्याला दोन्ही सारखे, तुम्हाला नाही. तोच फरक फोटोत हवा.

---

लेन्सवाला

या धाग्यावर मी तांत्रिक बोलत राहिलो, पण गडगा, तांबडी_माती आणि उधाण यांच्यामुळे माझी दिशा बदलली आहे. "माणूस नको" हा नियम मी मोडणार नाही, पण माणसाच्या हातचं फ्रेमबाहेर काढणं थांबवणार. आजवर विजेची तार, सुकत घातलेलं जाळं, बेड्याचे (कुंपणाच्या फाटकाचे) बांबू हे सगळं मी टाळायचो किंवा नंतर पुसायचो. तेच ठेवायचं.

---

पुळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्यातून ठरलेलं सांगतो. मालिकेत तेरेखोल, पत्रादेवीचा उतार, राजापूरचा गडगा, थिबा राजवाड्याची गच्ची, कोर्लई, सावित्रीची जंगलजेटी, काळी नदी आणि मालवणहून होडीतले फोटो असतील. झेंडे आणि किल्ल्यांची भव्य दृश्यं टाळतो. ती वाईट आहेत म्हणून नाही, ती बघताना अभिमान वाटतो आणि बघणं तिथेच थांबतं.

आणि प्रदर्शन आधी मुंबई-पुण्यात नाही. फोटो मोठे छापून त्या-त्या गावात दाखवायचे, तेरेखोलचे रेडीत आणि केरीतही. गावकरी म्हणाले "हे आमचं नाही", तर तो फोटो काढून टाकायचा.

---

मांडवीपार

केरीची जबाबदारी माझ्याकडे. देवळाच्या सभामंडपात लावू, कमिटीला विचारतो. फक्त चतुर्थीच्या दिवसांत नको, कोणाला वेळ नसतो.

---

काळीकाठ

माजाळीला शाळेत सोय होईल. मजकूर मराठीत असेल तर मी कोंकणी आणि कन्नड करून देते. तिन्ही भाषांत लावा.

---

नुसतीच_वाचक

एक शंका. किनाऱ्यावर ओल्या वाळूत आभाळ उमटलेले फोटो दिसतात, ते कधी मिळतात? मी जाते तेव्हा नेहमी पाणी पार वर आलेलं असतं.

---

उधाण

तिथी बघून जा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती. तुम्ही बहुतेक भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत जात असणार, तेव्हा सूर्यास्ताला पाणी वर. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमाराला, म्हणजे साडेपाचला पुरती ओहोटी. उधाणाची ओहोटी खूप आत जाते, लांबच लांब ओली पुळण उघडी पडते. नोव्हेंबरात सहाच्या आसपास सूर्य बुडतो, तेव्हा अर्धा तास हातात मिळतो. मात्र रापण लागलेली असेल तर दोरीवर पाय देऊ नका. आधी ओढू लागा, मग फोटो.